सराव-चेंडू

मिस्टर ॲल्सप तिसऱ्यांदा जिना चढून आले, तेव्हा फीबी वायकॉफने त्यांना चहासुद्धा विचारला नाही. विचारायला तोंडच उरलं नव्हतं. गेले तीन आठवडे एका सहीसाठी हा सभ्य माणूस संग्रहालयातून मर्टल ॲव्हेन्यूपर्यंत हेलपाटे घालत होता आणि तिचे वडील दर वेळी नवं कारण काढत होते. पहिल्या खेपेला चष्मा सापडत नव्हता. दुसऱ्या खेपेला टाकाची निब वाकडी होती.

आज चष्मा नाकावर होता आणि निब कालच बदललेली होती.

"या कागदात 'सदर चेंडू' असं लिहिलंय," बॅरंट वायकॉफ म्हणाले.

"हो, साहेब."

"सदर म्हणजे कुठला?"

ॲल्सप तिशीचे होते आणि कडक कॉलर घालायचे. त्यांनी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. येत्या शनिवारी, म्हणजे एकोणीस ऑक्टोबरला, ब्रुकलिनच्या जुन्या बेसबॉल क्लबांचं कपाट लोकांसाठी खुलं होणार. हल्ली जो तो उठून आपल्याच आजोबांनी हा खेळ काढला म्हणून सांगतो, त्यामुळे संग्रहालयाने नियम केला आहे की कपाटात जाणाऱ्या प्रत्येक वस्तूबद्दल दोन्ही बाजूंच्या खेळाडूंची सही हवी. १८५८ साली साउथ फेरी क्लबने वॉलबाउट क्लबला एकतीस विरुद्ध चोवीस धावांनी हरवलं. हरलेल्या कॅप्टनने रिवाजाप्रमाणे सामन्याचा चेंडू जिंकलेल्याला दिला. जिंकलेल्यांनी त्याला सोनेरी रंग दिला, वर तारीख आणि धावा लिहिल्या. तो चेंडू म्हणजे सदर चेंडू. त्या सामन्यातली दोनच माणसं आज हयात आहेत, दोन्ही कॅप्टन: साउथ फेरीचे मिस्टर टिअर्नी आणि वॉलबाउटचे स्वतः बॅरंट. मिस्टर टिअर्नींची सही शुक्रवारी होणार आहे.

"आणि माझी नाही झाली तर?"

"तर तो चेंडू कपाटात जाणार नाही. आणि मिस्टर टिअर्नींनी मग तुमच्या वस्तूंवर सही करावी अशी अपेक्षा मला धरता येणार नाही."

बॅरंटनी टेबलावरच्या पेटीकडे पाहिलं. त्यांच्या वस्तू तिथे मांडलेल्या होत्या. धावांची वही, छातीवर बटणांनी लावायचं 'व' अक्षराचं निळं कापड, चामड्याचा पट्टा, सामन्यानंतरच्या जेवणात मिळालेली रेशमी फीत. पट्टा आता त्यांच्या कमरेला दोनदा गेला असता. वर्षभर ते या वस्तूंखेरीज दुसरं काही बोलले नव्हते. कपाटात वरच्या फळीवर ठेवणार की खालच्या, हे त्यांनी ॲल्सपना पत्र लिहून विचारलं होतं.

"शुक्रवारी दुपारी बारा," ॲल्सप म्हणाले. "त्यानंतर मला काच बंद करावी लागेल."

ते गेल्यावर फीबीने दार लावलं आणि पाठ टेकून उभी राहिली.

"बाबा, तुम्हाला झालंय तरी काय?"

"काही नाही."

"एकोणपन्नास वर्षांपूर्वी सात धावांनी हरलात. अजून पचत नाही का?"

"हरण्याचं काय घेऊन बसलीस? आम्ही पुष्कळदा हरलो."

"मग सही करा."

"निब खरखरते."

फीबी चव्वेचाळीस वर्षांची होती. एका बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांची पानं शिवणाऱ्या बावीस बायकांवर ती मुकादम होती. बावीस बायका सांभाळणं तिला या एका माणसापेक्षा सोपं जात होतं. या प्रकरणापायी तिने दोनदा अर्धी रजा काढली होती आणि मालकाने दोन्ही वेळा घड्याळाकडे बघत ती दिली होती.

"उद्या आपण संग्रहालयात जाऊ," ती म्हणाली. "चेंडू बघा, खात्री करा आणि तिथल्या तिथे सही करा. तिथल्या निबा चांगल्या असतील."

गुरुवारी ते गेले. ॲल्सपनी पांढरे हातमोजे घालून चेंडू मखमलीवरून उचलला आणि वरची अक्षरं वाचून दाखवली. साउथ फेरी ३१, वॉलबाउट २४, बारा ऑगस्ट. रंग जागोजागी काळवंडला होता, पण अक्षरं ठसठशीत होती.

"हातात घेऊ का?" बॅरंटनी विचारलं.

ॲल्सप घुटमळले. पण समोरचा माणूस याच खेळात मोडलेली बोटं पुढे करून उभा होता. उघड्या हातांनी चेंडू धरायच्या काळातली ती बोटं, करंगळी तर पार बाहेरच्या बाजूला वळलेली. ॲल्सपनी चेंडू त्या हातावर ठेवला.

बॅरंटनी तो एकदा तोलला, हात लांब केला आणि सरळ फरशीवर सोडून दिला.

चेंडू धप्प पडला आणि पडला तिथेच राहिला.

ॲल्सप खाली गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी चेंडू उचलला. फीबीच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या.

"बघितलंस?" बॅरंट तिला म्हणाले, जणू यात सगळं आलं.

"बघितलं. आता घरी चला."

घरी आल्यावर तिने टोपी खुंटीला लावली, खुर्ची ओढून वडिलांच्या समोर बसली आणि कारखान्यात एखादीने चुकीची पानं शिवली की ज्या आवाजात विचारायची त्या आवाजात म्हणाली, "आता सांगा."

बॅरंट उठले. झोपायच्या खोलीत गेले, पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात लोकरीचा एक करडा मोजा होता, टाचेपाशी गाठ मारलेला. गाठ सोडायला त्यांना वेळ लागला. मग त्यांनी आतला चेंडू काढून टेबलावर सोडला. तो दीड वीत वर उसळला, खाली आला, पुन्हा उसळला.

"सदर चेंडू," ते म्हणाले.

फीबी खुर्चीतून अर्धी उठली.

"त्यांना दिला तो सरावाचा होता. जेवणाआधी हातपाय धुवायला गेलो तेव्हा बदलला. दोन्ही चिखलाने माखलेले. कोणाला कळणार?"

"पण का?"

"पुढच्या गुरुवारी बेडफर्डवाल्यांशी सामना होता. तसला चेंडू दुसरा नव्हता, फीबी. आत जुन्या रबरी बुटाच्या पट्ट्या, वर लोकर इतकी घट्ट गुंडाळलेली की नख बुडत नव्हतं. तो देऊन टाकायचा आणि गुरुवारी काय बटाट्याने खेळायचं?"

"आणि गुरुवारी काय झालं?"

"हरलो."

"मग बेडफर्डवाल्यांना हा दिलात?"

बॅरंटनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर उंच खांबांवर टाकलेल्या रुळांवरून गाडी गेली, तिचा खडखडाट संपेपर्यंत ते थांबले.

"त्यांनाही सरावाचा."

"बाबा, असे एकूण किती?"

"त्या हंगामात? चार."

फीबीने कपाळाला हात लावला. चार क्लब, चार जेवणं, चार भाषणं आणि चार ठिकाणी सोनेरी रंग दिलेले चार सरावाचे चेंडू.

"बाकीचे तिघं कॅप्टन वारले," बॅरंट म्हणाले. "त्यांचे चेंडू कुठे गेले कोणास ठाऊक. हा टिअर्नी तेवढा राहिला. तो समोरून आला की मी रस्ता बदलतो. एकदा तर मासळीच्या दुकानात शिरलो आणि नको असताना दोन शेर शिंपल्या घेऊन आलो."

त्या शिंपल्या फीबीला आठवत होत्या. साफ तिनेच केल्या होत्या.

ती बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात तिचा हात चेंडूवर गेला. एकाच कातड्याच्या चार पाकळ्या एकमेकींवर ओढून शिवलेल्या होत्या, तेव्हाचे सगळेच चेंडू तसे असत. पण टाके तिरपे पडले होते ते उलट्या बाजूला. तिने चेंडू खिडकीपाशी नेला. दोरा मेणाचा, टाके अगदी एका मापाचे आणि एकूण एक डावीकडे झुकलेले. कारखान्यात हजार पुस्तकांच्या गठ्ठ्यातून आपल्या हाताचं पुस्तक ती याच खुणेवरून ओळखायची. बावीस बायकांत डावखुरी कोणी नव्हती. ती एकटीच होती.

"कोणी शिवलाय हा?"

"तुझ्या आईने," बॅरंट म्हणाले. "तेव्हा तुझी आई नव्हती. चांभार रेम्सनची मुलगी अलेटा होती. क्लबचे चेंडू तीच शिवायची. हा तिचा पहिला."

फीबी तीन वर्षांची असताना, पटकीच्या उन्हाळ्यात, तिची आई गेली होती. साथीच्या भीतीने घरातले कपडे, अंथरूण, पडदे सगळं मागच्या अंगणात जाळलं होतं. आईचा फोटो नव्हता. आईची सुई, टोपी, रुमाल, काही नव्हतं. 'डावखुरी आईवर गेलीस' एवढं एक वाक्य तिला वारशात मिळालं होतं आणि ते वाक्य बोलणारा माणूस एकेचाळीस वर्षं पलंगाखाली हा चेंडू ठेवून झोपत होता.

"तुम्ही मला हा दाखवला का नाहीत?"

"दाखवला असता तर विचारलं असतंस, आपल्याकडे कसा."

फीबीचा संताप इतका वर आला की तिने उठून चुलीवरची किटली उगाचच इकडची तिकडे ठेवली.

"तिला माहीत होतं?"

"लग्नानंतर कळलं. वहीत हार लिहिलेली आणि चेंडू शेजारीच, दोन्ही एका पेटीत सापडले तिला. आठ दिवस बोलली नाही. मग म्हणाली, नेऊन दे. मी म्हणालो, देतो."

"आणि?"

"मग तू झालीस, मग यादवी लढाईहून पोरं परत यायला लागली, मग ती गेली. ती गेल्यावर कसा देणार?"

शुक्रवारी सकाळी त्यांनी मोजा फीबीकडे दिला. हात कापतात, वाटेत पडेल म्हणाले. ट्राममध्ये दोघं शेजारी बसले. फीबीने कोटाच्या खिशात हात घातला होता आणि मोज्याच्या लोकरीतूनही तिला टाके लागत होते. रात्रभर तिने हिशोब मांडला होता. आईनेच नेऊन दे म्हटलं होतं. पण आईचं म्हणून जगात जे होतं ते एवढंच होतं. दुपारनंतर ते काचेआड जाणार आणि तिला ते शनिवारी रांगेत उभं राहून बघावं लागणार.

दोन थांबे गेल्यावर बॅरंट म्हणाले, "मी सही करून टाकतो."

"काय?"

"त्याच्याच चेंडूवर. सदर म्हणजे सदर. तो खूष, ॲल्सप खूष, माझं निळं कापड वरच्या फळीवर. आणि हा तुझ्याकडे राहील. तुझं तोंड बघवत नाही कालपासून."

फीबीने त्यांच्याकडे पाहिलं. तीन आठवडे सारं जग सही मागत होतं तेव्हा हा माणूस निबेला दोष देत होता. आता तिला सगळं सांगून झाल्यावर तो सही करायला तयार होता. खोटी सही. आणि ती करायची की नाही हे तिने ठरवायचं.

"तुम्ही कधीतरी," ती सावकाश म्हणाली, "एखादी गोष्ट वेळेवर करता का?"

"मी विचारलं फक्त."

मॅलकी टिअर्नी आधीच येऊन बसला होता. फेरीबोटीवर चाळीस वर्षं दोरखंड ओढलेला आडवा म्हातारा, एक पाय स्टुलावर, गुडघ्यावर जुनी टोपी. त्याच्या समोरच्या टेबलावर मखमल आणि मखमलीवर सोनेरी चेंडू.

"वायकॉफ," तो म्हणाला. "म्हटलं मेलास की काय. मला पाहिलंस की पळतोस. मी काय तुझ्याकडे उसने मागणार होतो?"

"पाय कसा आहे?" बॅरंटनी विचारलं.

"पाय नाहीच, लाकूड आहे. बस."

ॲल्सपनी कागद पुढे केले. टिअर्नीने आपला कागद हातात घेतला आणि म्हणाला, "यात मी चार ओळी वाढवल्यात. नातसुनेकडून लिहून घेतल्या. वाचा हो तुम्ही, मोठ्याने."

ॲल्सप वाचू लागले. "'हा चेंडू मला कॅप्टन वायकॉफ यांनी जेवणाच्या टेबलावर सर्वांसमोर दिला. मी पुढे अकरा वर्षं खेळलो आणि पुष्कळ हरलेले कॅप्टन पाहिले. चेंडू देताना प्रत्येकाचा चेहरा पडतो. वायकॉफचा पडला नाही. तो हसत होता. इतक्या मोठ्या मनाने हरणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.'"

बॅरंट छताकडे बघत होते. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"एकोणपन्नास वर्षं सांगतोय मी ही गोष्ट," टिअर्नी म्हणाला. "पोरांना, नातवंडांना. हरलात तर त्या वायकॉफसारखं हरा म्हणून."

ॲल्सपनी टाक शाईत बुडवून बॅरंटपुढे धरला. बॅरंटनी तो घेतला आणि फीबीकडे पाहिलं. ते खरंच सही करणार होते. तिने नुसती मान वळवायचा अवकाश होता.

फीबीने खिशातून मोजा काढला आणि टेबलावर ठेवला.

"मिस्टर टिअर्नी, ते हसत होते कारण तुमचा चेंडू यात होता," ती म्हणाली.

सगळं सांगायला तिला तीन-चार मिनिटं लागली. बेडफर्डचं सांगितलं, शिंपल्यांचंही सांगितलं. आई आठ दिवस बोलली नाही तेही. टिअर्नीने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी त्याने मोज्यातून चेंडू काढला, अंगठ्याने दाबून पाहिला, नाकाशी नेला आणि टेबलावर आपटला. चेंडू थेट त्याच्या हनुवटीपर्यंत आला.

"हाच," तो म्हणाला. "माझ्या डोक्यावरून दोनदा गेला होता हा. तरीच म्हणतोय, आमच्या कपाटातला असा मेल्यासारखा का." मग तो बॅरंटकडे वळला. "चोरटा. आणि मी पोरांना तुझं उदाहरण देतोय."

"चोरला नाही. द्यायला उशीर झाला."

"एकोणपन्नास वर्षं?"

"टिअर्नी, घे आता."

"असा नाही घेणार. उभा राहा. टोपी काढ. रीतसर दे."

बॅरंट उठले, टोपी काढली आणि चेंडू दोन्ही हातांनी पुढे केला. साउथ फेरी क्लब आमच्यापेक्षा चांगला खेळला, एवढं ते बोलले. या वेळी त्यांचा चेहरा पुरता पडला होता आणि टिअर्नी तो निरखून, समाधानाने बघत होता.

"आता तीन जयजयकार."

"आम्ही दोघंच आहोत," फीबी म्हणाली.

"हा आहे की," टिअर्नीने ॲल्सपकडे बोट केलं.

मग संग्रहालयाच्या दालनात तिघांनी तीनदा साउथ फेरी क्लबचा जयजयकार केला. ॲल्सपचा आवाज सगळ्यात बारीक निघाला. शेजारच्या दालनातून एक पहारेकरी डोकावून गेला.

"झकास," टिअर्नी म्हणाला. "आता याला सोनेरी रंग द्या आणि वर लिहा."

"नाही," फीबी म्हणाली.

"नाही म्हणजे? रंगाशिवाय जिंकलेला चेंडू कसला? तुम्हीच दिलात ना आत्ता?"

"दिला. चेंडू तुमचा. पण रंग दिलात तर टाके झाकले जातील." तिने आपला डावा हात टेबलावर ठेवला, चेंडूच्या शेजारी. "माझ्या आईचं दुसरं काही राहिलेलं नाही, मिस्टर टिअर्नी."

टिअर्नीने तिच्या हाताकडे पाहिलं, मग चेंडूकडे.

"चांभार रेम्सनची पोर," तो म्हणाला. "डाव्या हाताने शिवायची. आम्ही साउथ फेरीची पोरं दारात उभी राहून बघायचो, आणि ती आम्हाला हाकलायची." त्याने नाक ओढलं. "नको तर नको. पण चिठ्ठीवर चोरला असं लिहा."

"उशिरा दिला असं लिहा," बॅरंट म्हणाले.

यावर पंधरा मिनिटं गेली. घड्याळ बाराच्या पुढे गेलं होतं. ॲल्सपनी एकदा कॉलर सैल केली, फीबीने त्यांना तसं करताना पहिल्यांदाच पाहिलं. शेवटी त्यांनी कोणालाही न विचारता चिठ्ठीवर लिहिलं: 'साउथ फेरी क्लबने १८५८ मध्ये जिंकला. १९०७ मध्ये मिळाला.' मग फीबीकडे बघून खाली आणखी एक ओळ घातली: 'शिवण: अलेटा रेम्सन, डाव्या हाताची.'

दोन्ही म्हाताऱ्यांनी सह्या केल्या. बॅरंटनी निबेबद्दल काही म्हटलं नाही. निघताना टिअर्नीने सोनेरी चेंडू उचलून त्यांच्या हातात कोंबला.

"हा तुझा. सरावाचा."

परतीच्या ट्राममध्ये बॅरंट बराच वेळ तो चेंडू या हातातून त्या हातात घेत बसले.

"रंगाने आणखी जड झालाय," ते म्हणाले. "बघ."

"बाबा, नको—"

त्यांनी तो सोडलाच. चेंडू धप्प पडला, गाडीने वळण घेतलं आणि तो बाकांखालून गडगडत थेट मागे गेला. फीबी उठली. भर दुपारी, माणसांनी भरलेल्या गाडीत, कोटासकट गुडघ्यावर बसली आणि एका जाड बाईच्या टोपलीमागून तिने तो ओढून काढला. एका बाजूचा रंग खरवडला होता. खालून जुनं तपकिरी कातडं आणि ओबडधोबड टाके दिसत होते, सगळे उजवीकडे झुकलेले. तिने तो रिकाम्या मोज्यात घातला आणि टाचेपाशी पक्की गाठ मारली.

ती जागेवर येऊन बसली तेव्हा वडील म्हणाले, "निळं कापड ॲल्सपने खालच्या फळीवर ठेवलंय. पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"उद्या त्याच्याशी बोलशील का जरा?"

फीबीने मोजा मांडीवर ठेवला आणि त्याची गाठ आणखी घट्ट ओढली.